यादीत नसलेली वाडी

नमस्कार श्रोतेहो! मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या गावापाड्यांतल्या मंडळींसाठी आजचा विषय आहे, आपल्या गावाचा धोका मोजायचा कसा.

प्रश्न तीनच. काय कोसळू शकतं किंवा शिरू शकतं? त्याच्या वाटेत कुणाची घरं आहेत? आणि तिसरा, मदत पोचायला किती वेळ लागतो? हा तिसरा विचारायचा राहूनच जातो.

इर्शाळवाडी आठवा. नवी मुंबईहून फार लांब नाही, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावर ठाकर आदिवासींची वाडी, सव्वादोनशेच्या आसपास माणसं. 2023 च्या जुलैत 17 ते 19 या तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस पडला आणि 19 तारखेला रात्री दरड घरांवर आली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. आणि ऐका, दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती! वाडीला गाडीरस्ताही नव्हता. यंत्रं पायथ्याशी अडली. हवा इतकी खराब की हेलिकॉप्टरही उडेना. मग अंधारात, चिखलातून, पावसात पायी चढायचं आणि वर कुदळ-फावड्यांनी माती उपसायची. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी मदतीला चढताना हृदयविकाराने गेले. म्हणजे दरड हा एक धोका आणि ती पायवाट हा दुसरा. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला इर्शाळवाडी सांगा.

तेव्हा मे महिन्यातच शिवारफेरी काढा. पोलीस पाटील, तलाठी, आशाताई हवेतच, पण गुराख्याला आधी बोलवा, डोंगर त्याला पाठ असतो. घरांच्या वरच्या अंगाला बघा: जमिनीला भेग, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा. भेग दिसली तर दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर लोखंडी सळया ठोका, चांगल्या दोन फूट खोल. वरवर ठोकलेली खुंटी गुरांच्या पायानेही हलते आणि माप फसतं. रोज सकाळी टेपने अंतर मोजून कॅलेंडरवर लिहा. भर पावसात अंतर वाढू लागलं की वाडी खाली करायची, वाट बघायची नाही.

पाऊसही मोजा. सरळ उभ्या कडांचा डबा मोकळ्यावर ठेवा, पागोळ्यांपासून लांब. बादली नको, तोंड रुंद आणि बूड अरुंद असल्याने आकडा फुगतो. सकाळी साडेआठला पट्टी बुडवून वाचा, डबा रिकामा करा. हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर गेला तर तो अत्यंत मुसळधार.

उल्हास आणि काळू नदीकाठच्यांनी 26 जुलै 2005 ची पाण्याची रेघ शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने ओढावी आणि कुणाचा ओटा त्याखाली येतो ते लिहावं. मात्र ती रेघ शेवटची समजू नका. ओढ्यात भराव टाकून फार्महाऊस उठलं की पाणी नवीन वाट शोधतंच.

शेवटी वहीत प्रत्येक पाड्यापुढे तीन रकाने. शक्यता 1 ते 5, नुकसान 1 ते 5, आणि तिसऱ्यात रात्री, भर पावसात पक्क्या रस्त्यापर्यंत लागणारी मिनिटं. पहिल्या दोघांचा गुणाकार करा, ज्याचा जास्त, तो पाडा आधी हलवायचा. दोन पाड्यांचा सारखा आला, तर जिथे मिनिटं जास्त, तो पाडा आधी. आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा.