प्रत्येकाच्या हाती आपापली नक्कल

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आजचा विषय जाहीर झालाय तो असा : 'अभिजात शोकांतिका शिकवताना घ्यायचे गटप्रकल्प आणि त्यांचं मूल्यमापन'. मूल्यमापनाकडे मी येतेच. पण त्याआधी मला थर्माकोलच्या एका बाल्कनीबद्दल बोलायचंय. बरीच वर्षं ती माझ्या मनात अडकून बसली आहे.

मी जिथे शिकवत होते तिथे 'रोमिओ आणि ज्युलिएट'वर गटप्रकल्प मागवले होते. एका गटाने थर्माकोलची बाल्कनी केली. खांबांवर वेल, कठड्यावर कागदी गुलाब आणि वर पिवळ्या बल्बचा चंद्र. देखणी होती, त्यात वाद नाही. पहिला क्रमांक तिलाच मिळाला. मी त्या सहा जणांना सहज विचारलं, "या प्रवेशात ज्युलिएट चंद्राबद्दल काय म्हणते रे?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. 'चंद्राची शपथ घेऊ नकोस, तो महिन्याच्या फेऱ्यात बदलत राहतो,' असं ती रोमिओला बजावते. ज्याने दोन दिवस खपून चंद्र केला होता, त्यालाच हे ठाऊक नव्हतं. आणि शेक्सपिअरच्या मूळ नाटकात 'बाल्कनी' हा शब्द एकदाही येत नाही, तिथे आहे ती खिडकी! बाल्कनी नंतरच्या काळाने जोडून दिली.

मुलांचा यात काडीचाही दोष नव्हता. प्रकल्पच असा होता की नाटक न उघडता तो पुरा करता यावा. माझं दुखणं ते आहे. नाटकावरचं वर्तमानपत्र, पात्रांच्या पोशाखांचा तक्ता, टायबॉल्ट या पात्राचं सोशल मीडियावरचं खातं, यातल्या कशालाही गोष्टीचा सारांश पुरतो. शिवाय 'गट' म्हणायचं, आणि रात्री जागून कापायचं-चिकटवायचं काम एकीने करायचं. कार्डशीटवर नावं मात्र सहा.

मग काय करायचं? उत्तर मला शेक्सपिअरच्याच रंगभूमीवर सापडलं. त्या काळच्या नटाला अख्खं नाटक हाती मिळत नसे. त्याला फक्त आपली वाक्यं मिळत, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे क्यू. तो क्यू कोण देणार, किती वेळाने देणार, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसायचं. कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवून त्याची लांब गुंडाळी करायचे. इंग्रजीत भूमिकेला 'रोल' म्हणतात तो शब्द या गुंडाळीवरूनच आला. एडवर्ड ॲलन या नटाची अशी एक गुंडाळी लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपून ठेवलेली आहे. आपल्याकडे जुन्या नाटकमंडळींमध्ये याला 'नक्कल' म्हणत. नक्कल उतरवून घेतली, नक्कल पाठ झाली, असे शब्द होते. मला तो शब्द फार आवडतो, म्हणून मी तोच वापरते.

आता नाटकाकडे बघा. 'रोमिओ आणि ज्युलिएट' ही प्रेमकथा आहे, पण तितकीच ती कागदांची कथाही आहे. पहिल्याच अंकात ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट आपल्या नोकराच्या हाती मेजवानीच्या पाहुण्यांची यादी देतो. नोकराला वाचता येत नाही. तो रस्त्यात भेटलेल्या माणसाकडून ती वाचून घेतो, आणि तो माणूस नेमका रोमिओ, शत्रूच्या घरातला. शेवटच्या अंकात फ्रायर लॉरेन्स या ख्रिस्ती साधूने रोमिओला लिहिलेलं पत्र, ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने झोपलीय हे सांगणारं, दुसऱ्या साधूच्या, फ्रायर जॉनच्या हाती असतं. पण साथीचा संशय येऊन जॉन ज्या घरात असतो त्याचे दरवाजेच बंद केले जातात आणि पत्र जिथल्या तिथे राहतं. एक कागद नको त्याच्या हाती पडला, दुसरा हवा त्याच्या हाती पोचला नाही, आणि या दोन कागदांमध्ये सगळी प्रेतं पडली. या नाटकात प्रत्येकाकडे फक्त आपापली नक्कल आहे. संपूर्ण संहिता कोणालाच मिळालेली नाही. म्हणून मला वाटतं, मुलांना प्रकल्पही तसाच द्यावा.

मी तो कसा दिला ते सांगते. पाचव्या अंकाचे पहिले दोन प्रवेश घेतले. त्यात पात्रं पाचच : रोमिओ, त्याचा नोकर बाल्थझार, विष विकणारा औषधवाला, फ्रायर जॉन आणि फ्रायर लॉरेन्स. पाच मुलांचा गट केला. वर्गात चौथा अंक संपला होता, पाचवा कोणी उघडायचा नाही असं ठरलं. मी हाताने पाच नकला लिहिल्या. जॉन झालेल्या मुलाला त्याच्या नकलेबरोबर एक बंद पाकीटही दिलं, खिशात ठेवायला.

बाल्थझारच्या नकलेत अख्ख्या प्रवेशात तीनच बोलणी आहेत. ती नक्कल एका अगदी गप्प राहणाऱ्या मुलीकडे गेली होती. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, हा आधी म्हणतो ती बरी आहे, आणि लगेच म्हणतो तिचा देह थडग्यात झोपलाय. हे एका दमात कसं म्हणू?" मी म्हटलं, तूच ठरव. तालमीत तिने 'बरी आहे' अगदी हळू म्हटलं, आणि 'झोपलाय' म्हणताना थांबली. मग वळून मला म्हणाली, "पण ती खरंच झोपलीय ना!" बाल्थझारला वाटतं आपण मृत्यूची बातमी देतोय, आणि शब्द मात्र खरे आहेत. मी हे नाटक इतक्या वेळा शिकवलं, पण त्या ओळीवर अशी कधी थांबले नव्हते.

पुढे रोमिओ विचारतो, फ्रायरकडून पत्र नाही आलं? हे तो प्रवेशात दोनदा विचारतो. आल्या आल्या एकदा, आणि मृत्यूची बातमी ऐकल्यावर पुन्हा. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा जॉन झालेल्या मुलाचा हात खिशाकडे गेला. पाकीट त्याच्याकडे होतं! तो अर्धवट उठला, माझ्याकडे बघितलं, नकलेत बघितलं. त्याचा क्यू आला नव्हता. त्याचं तोंड उघडणार होतं ते पुढच्या प्रवेशात. ती मुलगी म्हणाली, "नाही, महाराज." रोमिओ म्हणाला, "असू दे." आणि तो मुलगा खिशावर हात तसाच ठेवून खाली बसला. सबंध वर्ग त्याच्या त्या हाताकडे बघत होता. नंतर तो मला म्हणाला, "मला ओरडावंसं वाटत होतं." शोकांतिका म्हणजे काय हे यापेक्षा नीट मला फळ्यावर लिहून सांगता आलं नसतं.

घड्याळ दाखवताहेत, म्हणून आता भराभर सांगते. मूल्यमापन. अभिनयाला गुण देऊ नका, नाहीतर पुन्हा धीट मुलंच पुढे जातात. सादरीकरणानंतर प्रत्येकाने एक पान लिहायचं : माझ्या पात्राला या क्षणी काय ठाऊक आहे, काय नाही, आणि हे कोणत्या ओळीवरून कळतं. हे गुण ज्याचे त्याला. गटाचे गुण एकाच कामाला : सगळ्यांनी आपापल्या नकला मांडून रविवारपासूनचा वेळेचा तक्ता करायचा. लॉरेन्स सांगतो की औषधाचा अंमल 42 तास राहील. ज्युलिएट ते घेते मंगळवारी रात्री. मोजून बघा, गुरुवारची दुपार येते, आणि नाटकात तर ती रात्री जागी होते. पहारेकरी म्हणतो तिला पुरून दोन दिवस झाले. गटागटांत भांडणं होतात. होऊ द्या, कारण भांडायला संहिताच उघडावी लागते.

दुसरी नाटकं? 'ऑथेल्लो'त डेस्डिमोनाचा रुमाल घ्या, तो हातोहात फिरतो. डेस्डिमोना, एमिलिया, इयागो, कॅसिओ, बियांका, ज्याच्या हाती रुमाल आहे त्याला त्याबद्दल काय ठाऊक आहे, एवढंच विचारा. 'अँटिगनी' या ग्रीक नाटकात वृंद, म्हणजे कोरस, क्रिऑन राजाला सांगतो, आधी कोंडलेल्या मुलीला सोडव, मग तिच्या भावाच्या प्रेताला मूठमाती दे. क्रिऑन उलट्या क्रमाने जातो. दूताच्या नकलेतून मुलांनी तो क्रम शोधून काढायचा.

गट पात्रांच्या संख्येइतकाच, एकही जास्त नको. निवेदक ठेवायचा नाही, कारण निवेदकाला सगळं ठाऊक असतं. नकला स्वतः लिहून न देता मुलांनाच एकमेकांच्या लिहायला सांगितलं तरी चालेल, मात्र मग सादर करायला दुसरा प्रवेश द्या, नाहीतर त्यांना सगळं आधीच कळेल. आणि फ्रायर जॉनची नक्कल, ते पाकीट धरून, वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलाला द्या.