सातशे पौंडांची तबकडी

श्रोतेहो, नमस्कार. आज सुरुवातीलाच माझ्याबरोबर ताल धरा. एक नि दोन नि तीन नि चार. आपली टाळी पडते आकड्यांवर. स्का संगीतात गिटारचा तुटक फटका पडतो तो मधल्या 'नि'वर. नि… नि… नि… नि. पाय आपोआप हलायला लागतात.

हा ताल जमैकाचा. 1962 साली तो देश स्वतंत्र झाला, तेव्हा किंग्स्टनमध्ये स्काच घुमत होता. पोटापाण्यासाठी इंग्लंड गाठलेल्या जमैकन माणसांबरोबर तो तिकडच्या कारखान्यांच्या गावांत पोचला. मोटारी बनवणारं कॉव्हेंट्री हे त्यातलंच एक. 1970 चं दशक संपत आलं तेव्हा तिथे रोजगार आटत होता, आणि 'काळ्यांना परत पाठवा' म्हणणारा नॅशनल फ्रंट हा पक्ष रस्त्यावर मोर्चे काढत होता. त्याच गावातल्या गोऱ्या आणि काळ्या पोरांनी मिळून एक बँड काढला, 'द स्पेशल्स'. कीबोर्डवर जेरी डॅमर्स. पाद्र्याचा मुलगा, आणि जन्म चक्क आपल्या उटीचा. गिटारवर लिनव्हल गोल्डिंग, जन्म जमैकाचा. पंक म्हणजे त्या काळातलं इंग्लंडच्या पोरांचं रागीट, खडबडीत रॉक संगीत. त्याचा संताप त्यांनी स्काच्या तालावर चढवला.

1979 साली त्यांनी स्वतःची तबकडी काढायची ठरवली. उसने घेतलेले सातशे पौंड हाताशी होते. एक गाणं रेकॉर्ड झालं, 'गँगस्टर्स', आणि पैसे संपले. तबकडीला तर दुसरी बाजू लागतेच. मग गावातल्याच नोएल डेव्हिस या गिटारवादकाकडे आधीची एक वाद्यरचना पडून होती, ती दुसऱ्या बाजूला लावली. तिला नाव दिलं 'द सिलेक्टर'. पुढे डेव्हिसने त्याच नावाचा बँड उभा केला आणि तोही गाजला. पैशाच्या चणचणीतून एक अख्खा बँड जन्माला आला! कोऱ्या पांढऱ्या पाकिटांवर हाताने रबरी शिक्के मारले, तबकड्या काढणाऱ्या आपल्या छोट्या कंपनीला, म्हणजे लेबलला, नाव दिलं 'टू टोन'. ती तबकडी ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली.

मग मोठ्या कंपन्या दारात आल्या. स्पेशल्सनी क्रिसॅलिसशी करार केला, पण टू टोन हे लेबल आपल्या हातात ठेवून. इथे काय होईल ते आम्ही ठरवू, आणि आमच्याकडे आलेला बँड एक तबकडी काढून कुठेही जायला मोकळा असेल, अशी त्यांची रीत. मॅडनेस आणि द बीट या दोन्ही बँडची पहिली तबकडी टू टोनची, दुसरी दुसरीकडची. कुणी कुणाला बांधून ठेवलं नाही. नव्या कलाकाराची पहिली सही म्हणजे अनेकदा वर्षानुवर्षांची वेठ असते. मला टू टोनची सगळ्यात मोठी बंडखोरी इथे दिसते, त्यांच्या पाकिटांवरच्या काळ्यापांढऱ्या चौकटींच्या डिझाइनपेक्षाही जास्त.

हे धाडस त्यांना पंकने शिकवलं होतं. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारी 1977 मध्ये घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशे पौंड गोळा करून आपली पहिली तबकडी काढली. कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात साधलं, हे त्यांनी पाकिटावरच छापलं. पाठोपाठ लंडनच्या स्क्रिटी पोलिटी या बँडने तर हिशेबच मांडला. रेकॉर्डिंगला किती, तबकड्या काढायला किती, सगळे आकडे पाकिटावर. तुम्हालाही परवडेल, करून बघा, हा त्याचा सरळ अर्थ.

आता 1981. एप्रिल महिन्यात कॉव्हेंट्रीत सतनाम सिंग गिल या तरुण विद्यार्थ्याचा वर्णद्वेषी टोळक्याने भोसकून खून केला. भर शहरात, दिवसाउजेडी. स्पेशल्सच्याच गावात, त्यांचं नाव शिखरावर असताना. बँडने 20 जूनला गावातल्या बट्स स्टेडियमवर वर्णद्वेषाविरुद्ध मैफल ठेवली. वातावरणात भीती होती, गर्दी अपेक्षेपेक्षा कमी झाली. पण ते वाजवायला उभे राहिले. खुद्द गोल्डिंगवर आधीच लंडनमध्ये वर्णद्वेषी हल्ला झाला होता. त्यावर त्याने गाणं लिहिलं, 'व्हाय?', म्हणजे 'का?' हल्लेखोरालाच विचारलेला प्रश्न. ते गाणं त्याच जूनमध्ये आलेल्या 'घोस्ट टाउन'च्या मागच्या बाजूला आहे. ओस पडलेल्या गावाचं ते 'घोस्ट टाउन' जुलैत पहिल्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा इंग्लंडची शहरं दंगलींत पेटलेली होती. आणि नेमका तेव्हाच बँड फुटला. याची हळहळ मला अजून वाटते.

आपल्या अटींवर वाजवायची रीत मात्र टिकली. इंग्लंडच्या क्रास या पंक बँडने तबकडीच्या पाकिटावरच किंमत छापली आणि सांगितलं, यापेक्षा जास्त पैसे देऊ नका. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि शाळकरी पोरांनाही प्रवेश दिला. स्टेजसमोर कुणी धक्काबुक्की करून इतरांना इजा करू लागला, की ते गाणं थांबवत. त्याला बाहेर काढताना तिकिटाचे पाच डॉलर पाकिटात घालून हातात देत. तशी पाकिटं ते तयारच ठेवत. पैसे परत घे, पण दुसऱ्याला मारू नकोस. आजही मोठमोठ्या मैफलींत पुढच्या रांगेतल्या मुली चेंगरतात, तेव्हा मला ती पाकिटं आठवतात.

आपल्याकडे दिल्लीचा 'द स्का व्हेंजर्स' हा बँड याच वाटेवरचा. त्यांचे गायक तरू दालमिया यांनी लोकवर्गणी जमवून हाताने बांधलेली साउंड सिस्टिम, म्हणजे कुठेही नेता येणारी मोठ्या स्पीकरांची भिंत, उभी केली. जमैकातही स्का घराघरांत पोचण्याआधी अशाच सिस्टिमवर, उघड्या अंगणांत वाजत होता. स्वतःचे स्पीकर असले की मालकाची परवानगी लागत नाही. कुठे वाजवायचं आणि कुणासाठी, हे वाजवणाराच ठरवतो.