फॉर्म वाटण्याआधी

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, हातात आली की मी हल्ली थेट 'साधने' वाल्या पानावर जाते. तिथे बहुतेक वेळा एकच ओळ असते, अमुक यांचं स्केल, म्हणजे मन मोजायची प्रश्नावली, वापरलं जाईल, संपलं. समोरच्याला विचारलं की बाळा हे तुला मिळालं कुठून, तर सिनियरकडून, सिनियरला तिच्या सिनियरकडून, आणि अजून मागे गेलं की शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवरच्या कुठल्यातरी थिसिसचं परिशिष्ट निघतं ज्यात टाइप करणाऱ्याकडून दोन वाक्यं गळालेली असतात. मी रागावून बोलत नाहीये, तुम्हाला कुणी वेगळं शिकवलंच नाही. पण यात होतं काय ते आधी बघूया.

रोझेनबर्गचं सेल्फ-एस्टीमचं, म्हणजे आत्मसन्मानाचं स्केल, 1965 चं, सगळ्यांना माहितीये. दहा वाक्यं आहेत, पाच सरळ, स्वतःबद्दल चांगलं बोलणारी, आणि पाच उलटी. उलट्या वाक्यांचे मार्क उलटे धरायचे असतात, आणि ही सूचना स्कोरिंग कीमध्ये, म्हणजे मार्क कसे द्यायचे त्या कागदावर असते, ती झेरॉक्समध्ये येत नाही. आता 1 ते 4 मार्क धरा, 1 म्हणजे अजिबात पटत नाही, 4 म्हणजे पूर्ण पटतं. स्वतःबद्दल अगदी छान वाटणारी मुलगी पाच सरळ वाक्यांना 4 देईल, पाच उलट्यांना 1, बेरीज 25. स्वतःला पार कमी लेखणारी मुलगी सरळ पाचला 1 देईल, उलट्या पाचला 4, बेरीज परत 25! दोघी एकाच ठिकाणी. मग दोनशे मुलांचा डेटा, महिनोन्महिने कॉलेजांच्या चकरा, आणि शेवटी निष्कर्ष काय, तर शहरी आणि ग्रामीण विद्यार्थ्यांच्या आत्मसन्मानात सार्थ फरक आढळला नाही. फरक होता की नव्हता ते कुणालाच कळलेलं नाही, कारण तो दिसायची वाटच आपण बंद करून टाकली होती.

म्हणून आधी मूळ गाठायचं. स्केल ज्या पेपरमध्ये पहिल्यांदा छापून आलं तो पेपर काढायचा आणि पूर्ण वाचायचा, नुसता अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाही. लायब्ररीत साइकटेस्ट्स या टेस्टच्या डेटाबेसचा अ‍ॅक्सेस असेल तर उत्तम, आणि विकत मिळणाऱ्या टेस्टवर त्रयस्थ माणसाने लिहिलेलं परीक्षण हवं असेल तर ब्यूरोसचं मेंटल मेझरमेंट्स इयरबुक, 1938 पासून निघतंय. आपल्याकडच्या टेस्ट आग्र्याहून, दिल्लीहून मागवता तेव्हा मॅन्युअलमध्ये नॉर्म्सचं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची त्या लोकांच्या स्कोरचं पान आधी उघडा, कुणावर काढलेत, कधी काढलेत. बिने-कामत ही बुद्धिमत्तेची टेस्ट घ्या. बिनेची टेस्ट पॅरिसची, 1905 ची, ती अमेरिकेत 1916 ला स्टॅनफर्डला गेली आणि तिथून कामतांनी 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी आणली. आपल्या भाषेतलं हे केवढं मोठं काम आहे, मला त्याचा फार अभिमान आहे! पण ती मुलं आज पणजोबा असतील, आणि आजच्या पोराचा बुद्ध्यांक त्यांच्याशी ताडून सांगायचा असेल तर ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायला हवं.

परवानगीचं थोडक्यात सांगते. नेटवर पीडीएफ मिळाली म्हणजे ती मोफत झाली असं नाही. पीएचक्यू-9, नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, खरोखर मोफत आहे, परवानगीही लागत नाही. नैराश्याचीच बेक डिप्रेशन इन्व्हेंटरी, तिची दुसरी आवृत्ती, 21 प्रश्नांची, ती विकत घ्यावी लागते. मिनी मेंटल, म्हणजे स्मरणशक्ती आणि भान तपासायची छोटी टेस्ट, 1975 ला आली, जगभर डॉक्टर ती खिशात घेऊन फिरत होते, आणि 2001 नंतर तिचे हक्क एका प्रकाशकाकडे गेल्यावर तीच टेस्ट पैसे देऊन घ्यायची झाली. तेव्हा बघून घ्या, कळत नसेल तर लेखकाला चार ओळींचा मेल टाका, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

आता भाषांतर, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. सीईएस-डी या नैराश्याच्या प्रश्नावलीत एक वाक्य आहे, त्यात इंग्रजीतला 'ब्लूज', म्हणजे उदासी, हा शब्द येतो. एका भाषांतरात मी वाचलं, 'मी खिन्नता झटकून टाकू शकलो नाही'. बॅक ट्रान्सलेशन केलं, म्हणजे मराठीवरून परत इंग्रजी केलं, तर मूळ इंग्रजी वाक्य जवळपास जसंच्या तसं परत येतं, गाइड खूश, कमिटी खूश. पण अहो खिन्नता झटकणारा माणूस कुठे भेटलाय का तुम्हाला? आपली बाई म्हणते जीव लागत नाही, हातपाय गळून जातात, कशात मन रमत नाही. बॅक ट्रान्सलेशनमधून भाषांतर इंग्रजीशी किती इमानदार आहे एवढंच कळतं. ऐकणाऱ्याला काय समजलं ते हवं असेल तर दहा माणसांसमोर बसावं लागतं, वाक्य वाचायचं आणि विचारायचं, काकू, यातून तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दात सांगा.

हे कसं करावं ते बघायचं तर हरियाणातल्या बल्लभगडचं काम बघा, हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, 1995 ला छापून आलं. खेड्यातल्या, शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची होती. मूळ टेस्टमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या मिनी मेंटलमध्ये, शंभरातून सात-सात वजा करत जायचं असतं, इथे त्यांनी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. मूळ टेस्टमध्ये कागदावर 'डोळे मिटा' लिहिलेलं असतं, ते वाचून तसं करायचं. ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय? तर तपासणारा म्हणतो माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतःचे डोळे मिटतो. एक वाक्य लिहा याच्या जागी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. शब्द बदलले तरी जे मोजायचं होतं ते त्यांनी सोडलं नाही, नाहीतर अक्षरओळख नाही म्हणून अख्खं गाव डिमेन्शियाचं ठरलं असतं.

कट-ऑफचंही, म्हणजे कितीच्या पुढे आजाराची शंका घ्यायची त्या रेषेचंही असंच. पीएचक्यू-9 ला 27 पैकी 10 ही रेषा आली अमेरिकेतल्या दवाखान्यांमधून. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक उपचाराला आलेल्या पेशंटवर अशा पाच प्रश्नावल्या शेजारी-शेजारी ठेवून निदानासाठी घेतलेल्या मुलाखतीशी ताडून पाहिल्या, 2008 ला ते प्रसिद्ध झालं, आणि प्रश्नावलीत पॉझिटिव्ह आलेल्या बऱ्याच जणांना मुलाखतीत आजार निघाला नाही. म्हणून हात जोडून सांगते, 'चाळीस टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त' असं थिसिसमध्ये लिहू नका, पेपरवाले तेवढंच उचलतात. इतक्या जणांचा स्कोर 10 किंवा त्याच्या वर आला, एवढंच लिहा.

शेवटचं, नववा प्रश्न. पीएचक्यू-9 चा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. मी एमएला असताना एका होस्टेलमध्ये फॉर्म वाटले, गठ्ठा बांधून कपाटात ठेवला आणि तीन आठवड्यांनी डेटा भरायला बसले. एका फॉर्मवर नवव्या प्रश्नापुढे 'जवळजवळ रोज' वर टिक होती. नावं घेतलेली नव्हती, कारण गोपनीयता म्हणजे नाव न घेणं एवढंच मला शिकवलेलं. त्या मुलीला मी शोधू शकले नाही. ती टिक मला अजून दिसते, पेनाने दोनदा गिरवलेली.

तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे करावंच लागतं. फॉर्मवर कोड नंबर, नावांची यादी वेगळ्या कुलपात. संमतीपत्रात आधीच लिहायचं की जिवाला धोका वाटला तर आम्ही तुमच्याशी संपर्क साधू. सगळे फॉर्म जागच्या जागी, माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आधी चाळायचे, नववा प्रश्न सगळ्यात आधी. एक समुपदेशक त्या दिवशी तिथेच हजर. आणि प्रत्येकाच्या हातात, टिक असो नसो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहिलेली चिठ्ठी, तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. एवढी सोय होणार नसेल तर ती प्रश्नावली घेऊ नका, दुसरं काहीतरी निवडा, मी सिनॉप्सिसवर सही करणार नाही.