केबल मुरते म्हणजे नेमकं काय होतं?

(सांगलीत हौशी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नवी केबल जोडली की आवाज आवळलेला, कोरडा वाटतो आणि शे-दोनशे तास वाजली की ती मोकळी होते, असं हाय-फायच्या दुनियेत ठामपणे सांगितलं जातं. याला बर्न-इन म्हणतात, म्हणजेच केबल मुरणं. त्यासाठी पिंक नॉइझच्या (सगळे स्वर मिसळलेल्या सततच्या खरखरीच्या) सीडी विकल्या जातात, केबल ‘शिजवणारी’ यंत्रंही मिळतात. विकणाऱ्याच्या दृष्टीने दोनशे तास हा मोठा सोयीचा आकडा आहे. रोज दोन तास ऐकणाऱ्याला तिथवर पोचायला तीन महिन्यांच्या वर लागतात, आणि माल परत करायची मुदत तोवर बहुधा उलटून गेलेली असते.

मिरज शेजारी असल्यावर आपल्याला ही कल्पना चटकन पटते, यात नवल नाही. नवा तंबोरा वाजता राहिला की उघडतो, हे आपण ऐकत आलोय. पण तिथे बदलायला काहीतरी आहे: तारेखाली झिजणारा घोडीचा पृष्ठभाग, लाकूड, भोपळा. केबलमध्ये काय आहे? तांबं, त्यावरचं प्लास्टिक आणि दोन टोकांचे सांधे.

तांब्यापासून सुरू करू. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ७ मिलिओहम. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरसमोर त्यात जेमतेम ०.०८ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) जातात. आता तापमान घ्या. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत पंचवीस अंशांचा फरक धरला, तर आपल्याच भिंतीलगतच्या वायरचा रेझिस्टन्स जवळजवळ दहा टक्के बदलतो. आवाजात त्याचा परिणाम डेसिबलच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी, आणि ‘हिवाळ्यात माझी केबल मोकळी वाजते’ अशी तक्रार किंवा कौतुक कुणी करत नाही. बर्न-इनमुळे तांब्यात काही होत असेल, तर ते या ऋतुबदलापेक्षा मोठं असायला हवं. तसं असेल तर ते मीटरवर दिसायला हवं.

तांब्याचे स्फटिक नव्याने रचले जातात, असाही एक दावा असतो. ओढून बारीक केलेल्या तांब्यात ते घडतं खरं, पण त्यासाठी दोनशे अंश सेल्सियसच्या आसपासची किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. घरगुती पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंशांची. तांबं सुधारायच्या आधी वेष्टणच मऊ पडून ओघळेल.

प्लास्टिकचा मुद्दा थोडा जास्त गंभीरपणे घ्यावा लागतो. डायइलेक्ट्रिक, म्हणजे तारेभोवतीचं हे वेष्टण, विद्युतभार धरून ठेवतं, ही गोष्ट खरी आहे, आणि पीव्हीसी या बाबतीत टेफ्लॉनपेक्षा वाईट. म्हणून ते कायम भारित ठेवायला काही महागड्या केबलींना ७२ व्होल्टची बॅटरीसुद्धा लावलेली असते. पण संगीताचा सिग्नल दोन्ही दिशांनी सारखा हलतो. त्याने प्लास्टिकला कायमचं वळण लागत नाही. शिवाय परिणामाचा आकडा बघा. प्लेअर ॲम्प्लिफायरला जोडणाऱ्या मीटरभर आरसीए केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) १०० पिकोफॅरड धरला आणि प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला त्याच्या आतून होणारा अडथळा) १ किलोओहम, तर उच्च स्वर उतरायला लागतात सुमारे १६ लाख हर्ट्झला. आपला कान वीस हजारांवर थांबतो. कपॅसिटन्स निम्मा झाला किंवा दुप्पट झाला, तरी ऐकणाऱ्याला काय फरक पडणार?

इथे अपवाद आहे रेकॉर्ड प्लेअरचा. सुई धरणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या गुंडाळीचा इंडक्टन्स ५०० मिलिहेन्री असेल आणि केबल व फोनो स्टेज (रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) मिळून २५० पिकोफॅरड, तर रेझोनन्स, म्हणजे दोघांच्या जोडीने येणारा स्वरांचा उठाव, १४ हजार हर्ट्झच्या आसपास येतो. केबल लांब घेऊन १०० पिकोफॅरड वाढवले की तो १२ हजारांवर उतरतो, आणि हे ऐकू येऊ शकतं. तसंच पाच मीटरवरच्या स्पीकरला अर्ध्या स्क्वेअर एमएमची बारीक वायर लावली, तर रेझिस्टन्स ०.३४ ओहम होतो. स्पीकरचा इम्पीडन्स ४ ते ३० ओहमपर्यंत वरखाली होत असेल तर काही स्वर इतरांपेक्षा ०.६ डेसिबलने दबतात. तेव्हा ‘सगळ्या केबली सारख्याच’ म्हणणाऱ्यांचंही बरोबर नाही. फक्त हे फरक पहिल्या मिनिटाला असतात आणि दोनशे तासांनीही तेवढेच राहतात.

राहिले सांधे, आणि खरी गोम इथेच आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात आरसीएच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो. नवी केबल लावताना जुना प्लग ओढला, नवा फिरवून बसवला, की तो थर खरवडला जातो. आवाज सुधारतो आणि श्रेय केबलला मिळतं. जुनी केबल चार वेळा काढून-घालूनही हेच होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर लावू नका, मुलामा फार पातळ असतो. वापराने बदलणाऱ्या गोष्टी सिस्टिममध्ये आहेतच: नव्या स्पीकरचं सस्पेन्शन (पडदा तोलून धरणारा लवचीक भाग) सैल होतं, वर्षानुवर्षं बंद पडलेल्या ॲम्प्लिफायरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हळूहळू सावरतात. केबल बदलते ती मात्र बिघडण्याच्या दिशेने. २०१९च्या पुरात भिजलेल्या वायरचं टोक सोलून बघा, पाणी तारांच्या फटींतून आत चढून तांबं हिरवं झालेलं दिसेल. हिरवा भाग संपेपर्यंत कापा. संपतच नसेल तर ती वायर टाकून द्या.

आता तपासणी कशी करायची ते सांगतो. एकाच रिळातून सारख्या लांबीचे दोन जोड कापा, तेच प्लग, तेच सोल्डर. एक जोड कपाटात, दुसऱ्याला दोनशे तास हव्या त्या पद्धतीने वाजवा. ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना नको, दोन्ही एकाच दिवशी समोर असायला हव्यात.

मल्टिमीटर थेट ओहमवर लावून ०.०७ मोजता येत नाही, कारण त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. पॉवर सप्लायवरून नेमका १ अँपिअर सोडा आणि केबलच्या टोकांवर वेगळ्या प्रोबनी व्होल्टेज बघा. ७० मिलिव्होल्ट म्हणजे ०.०७ ओहम. दोन्ही जोड तासभर एकाच खोलीत पडू द्या, नाहीतर तुम्ही तापमान मोजत बसाल.

आरसीए केबलींसाठी ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरला जोडायचं आवाज वाजवणारं-रेकॉर्ड करणारं यंत्र) वापरा. त्याच इंटरफेसमधून वाजवा, त्यातच रेकॉर्ड करा, म्हणजे क्लॉक (यंत्राची वेळ मोजणारी चाल) एकच राहतं. अर्धा तास तापू द्या, मग कुठल्याही नॉबला हात लावू नका. आधी एकच केबल दोनदा रेकॉर्ड करा आणि एक ट्रॅक उलटा करून (अधिकचं उणे करून, शेवटाकडून वाजवून नव्हे) दुसऱ्यात मिळवा. जे उरेल तो तुमच्या यंत्रणेचा गाळ. मग दोन केबलींची वजाबाकी करा आणि या गाळाशी ताडून बघा. ही वजाबाकी स्पीकर केबलवर करणार असाल तर सावध: बऱ्याच क्लास डी (स्विचिंग पद्धतीच्या) ॲम्प्लिफायरचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. इंटरफेसचं ग्राउंड तिथे जोडलं तर ॲम्प्लिफायर जळू शकतो.

शेवटी कान. आवाजाची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, म्हणजे स्पीकरच्या टोकांवर २.८३ व्होल्ट असतील तर ०.०३ व्होल्टचा फरक चालेल. मोजायला टोन ४०० हर्ट्झच्या खालचा घ्या; स्वस्त मल्टिमीटर त्याहून वरच्या टोनला भरवशाचे नसतात. खुर्ची आणि डोकं हलू देऊ नका, वीतभर सरकलं तरी वरचे स्वर बदलतात. केबल बदलणारा पडद्याआड, नाणं उडवून निवड, आणि त्याने ऐकणाऱ्याशी बोलायचं नाही. कुठली केबल लागली आहे ते ऐकणाऱ्याने ओळखायचं, अशा सोळा फेऱ्या घ्या. निव्वळ अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चार असते. एकट्याला ती लहान वाटेल, पण वीस जण बसले तर त्यांतल्या एकाला तरी बारा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. म्हणून ज्याला बारा येतील त्याच्या आणखी सोळा घ्या. दुसऱ्यांदाही आले, तर लेबलं उघडायच्या आधी त्या दोन जोडांचे सांधे एकेक करून तपासा. सैल क्रिंप (दाबून बसवलेला सांधा) किंवा कोरडं सोल्डर कानाला खरोखर ओळखू येतं.