बादलीत कालवलेला समुद्र

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या सांगलीत कृष्णेचं पाणी आहे, विहिरीचं आहे, बोअरचं आहे. समुद्राचं तेवढं नाही. ते मी विश्रामबागच्या घरी बादलीत कालवतो. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. स्वयंपाकाचं नव्हे हं. मत्स्यालयासाठीचं वेगळं मिळतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमही असतं. पाणी आरओचं.

एवढा खटाटोप दोन बोटभर माशांसाठी. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे, क्लाउनफिश. जोडीतली मोठी ती मादी. ती मेली तर नरच पुढं मादी होतो! आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग भांडायचं कुणाशी?"

या माशांचं समुद्रातलं घर म्हणजे अॅनिमोन, समुद्रफूल. नावालाच फूल, आहे प्राणी. त्याच्या बोटांत विषारी सुया असतात. लहानसा मासा अडकला तर संपलाच. क्लाउनफिश मात्र अंगावरच्या बुळबुळीत थरामुळं त्यात गादीवर लोळावं तसा लोळतो.

हेच बघायची मला घाई झाली. टाकी भरून तिसऱ्या आठवड्यात फूल आणलं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू वसायलाच चार ते सहा आठवडे लागतात. फुलाला तर सहा महिने तरी मुरलेली टाकी हवी आणि प्रखर उजेडही, कारण त्याच्या अंगातलं शेवाळ उजेडावर अन्न बनवतं. आमचं फूल जागा शोधत रात्री सरकत निघालं आणि थेट पंपात गेलं. सकाळी पाणी ताकासारखं पांढरं. मासेही गेले. दुकानदारानं सांगितलं नव्हतं, खरंय. पण मी तरी कुठं विचारलं होतं?

दुसऱ्या खेपेला फूल नाही आणलं. घरच्या टाकीत क्लाउनफिशचं त्यावाचून काही अडत नाही. अडतं ते आपल्या उन्हाळ्यानं. पाणी २६ अंशांच्या आसपास हवं, म्हणून टाकीवर पंखा लावला. पाणी गार झालं, पण भराभर आटायला लागलं. आता घटलेल्या पाण्याच्या जागी काय ओतायचं? नवे लोक खारं पाणी ओततात. अहो, आमटी आटली की खारट होते. तेव्हा आपण तीत पाणी घालतो की मीठ? वाफ पाण्याची होते, मीठ खालीच राहतं. म्हणून रोज साधं आरओचं पाणी, खुणेपर्यंत. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवा.

टाकीत कुंभाराकडचं एक बोळकं आडवं ठेवलंय. परवा त्याच्या आतल्या बाजूला नारिंगी ठिपके दिसले. अंडी! नर कल्ल्यांमागचे पंख हलवून त्यांना वारा घालतोय, जवळ बोट नेलं तर धावून येतो. आठ-दहा दिवसांनी अंधार पडला की पिल्लं फुटतात. त्यामुळं सध्या आमच्याकडं दिवे लवकर मालवतात, आणि आईची मालिका अर्धीच राहते.