आधी बोटं मोकळी करा

(बडोद्यात सकाळी फिरायला आणि धावायला जाणाऱ्या मंडळींसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दाराबाहेर तुम्ही जे बूट काढून ठेवलेत ना, त्यांच्यावरून मी आत्ता एक नजर फिरवून आलो. (हशा) आमच्या धंद्यातली खोड आहे, रागावू नका. बूट चांगले महागातले आहेत, टाचेखाली दोन-दोन बोटं फोम आहे. पण बऱ्याच बुटांचं करंगळीपाशी कापड फुगलंय आणि एकाचं तर फाटून तिथे भोक पडलंय. म्हणजे लांबी बरोबर, रुंदी कमी. पत्रिकेत आजचा विषय ‘बेअरफूट शूज’ असा छापलाय. माझ्या मते तो त्या भोकापासून सुरू होतो.

बेअरफूट शूज म्हणजे अनवाणी चालल्यासारखं वाटावं म्हणून केलेले बूट. त्यांत तीन गोष्टी असतात. तळ पातळ आणि हाताने सहज वळणारा. टाच आणि चवडा एका पातळीवर. नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच साधारण 8 ते 12 मिलीमीटर उंच असते, इथे शून्य. आणि पुढचा भाग बोटं पसरतील इतका रुंद. जाहिरात पातळ तळाची होते, पण तुमच्यापैकी बहुतेकांना खरी गरज रुंदीची आहे. पावलात 26 हाडं आहेत. पाऊल उचलताना शेवटचा रेटा अंगठ्याने द्यायचा असतो. निमुळत्या बुटात तो आत दाबला गेला की भार शेजारच्या बोटांच्या मुळाशी जातो, आणि मग तिथे भोवरी धरते, चवडा जळजळतो. लोक त्यावर आणखी मऊ बूट घेतात.

घरी एक करून बघा. वर्तमानपत्रावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा. मग बुटातली आतली गादी काढून त्या आकृतीवर ठेवा. करंगळी किती बाहेर राहिली ते बघा. ही तपासणी फुकटातली आहे, आणि तळ जाडच ठेवून नुसता रुंद बूट घेतला तरी निम्मं काम होतं.

आता कुणी म्हणेल, आमच्या कोल्हापुरीत हे सगळं आहेच की! अर्धं खरं आहे. टाच सपाट, बोटं मोकळी. पण मागे पट्टा नाही, म्हणून ती धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. मांडवीपर्यंत खरेदीला जायला झकास. तासभर भराभर चालायला नको.

अबेबे बिकिलाचं नाव या विषयात येतंच. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हा इथिओपियाचा धावपटू मॅरेथॉन अनवाणी धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकला. तिथे मिळालेले नवे बूट पायाला नीट बसेनात, म्हणून तो अनवाणी धावला असं सांगतात. चार वर्षांनी टोकियोला तो पुन्हा जिंकला, त्याहून कमी वेळात, आणि तेव्हा त्याच्या पायांत बूट होते. हा दुसरा भाग उत्साही मंडळी सांगत नाहीत.

संशोधनाचंही तसंच झालं. 2010 साली हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की कायम अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात, आणि जमिनीचा पहिला ठोसा त्यांना कमी बसतो. झालं, लोकांनी पातळ बूट घेतले आणि दुसऱ्या दिवशी धावत सुटले. 2013 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. 36 सरावाचे धावपटू घेतले, त्यांतल्या 19 जणांना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या बुटांवर आणलं. एमआरआयमध्ये त्यांतल्या 10 जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. भार नाहीसा होत नसतो, तो जागा बदलतो. गुडघ्यावरचा थोडा उतरतो आणि पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर, चवड्याच्या लांब हाडांवर चढतो. पोटरी काही आठवड्यांत तयार होते, शीर आणि हाड महिने घेतात. पोटरी म्हणते चला, हाड अजून तयार नसतं. घोळ तिथेच होतो.

बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको. वर्षभर बुटात वावरणारी मुलं नवरात्रात मैदानावर तासन्‌तास अनवाणी गरबा खेळतात. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर सकाळी जिना उतरताना त्यांना बघा, कठड्याला धरून, आडवी पावलं टाकत!

मग करायचं कसं? पहिला महिना नव्या, पातळ तळाच्या बुटाला हातच लावू नका. घरात अनवाणी वावरा, भिंतीला टेकून टाचा उचलायचा व्यायाम करा, बोटं पसरायचा सराव करा. मग नवा बूट दुकानापर्यंत, भाजीपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. कमाटी बागेतली रोजची फेरी अजून जुन्याच बुटात. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, दुखलं तर मागे यायचं. चालताना टाच आधी टेकवा, ते नैसर्गिक आहे. बेअरफूट म्हणून चवड्यावर टुणटुणत चालणारे मी पाहिलेत. ते कृपया करू नका.

पळायचं असेल तर एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येते का ते आधी बघा. येत नसेल तर अजून वेळ आहे. येत असेल तर चालता चालता मध्ये एखादं मिनिट पळा, बाकीचं जुन्या बुटात. पावलं आखूड आणि जलद टाका. चवड्यावर उतरलात तरी टाच जमिनीला टेकू द्या.

पोटऱ्या भरून आल्या तर चालेल, दोन-तीन दिवसांत उतरतात. पण चवड्याच्या वरच्या बाजूला एकाच जागी बोट ठेवलं आणि कळ आली, तर त्या दिवशीच थांबायचं. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि सुरुवातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. त्यावर विसंबून पुन्हा पळू नका.

मधुमेहवाल्यांनी इथे नीट ऐका. डोळे मिटून झोपा. घरच्या कुणीतरी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, यांच्या टोकांना सेकंद-दोन सेकंद हलकंच बोट टेकवावं. दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त वेळा कळलं नाही, तर पातळ तळ तुमच्यासाठी नाही, आणि घरातही अनवाणी फिरायचं नाही. टाचणी रुतली तरी समजणार नाही. आधी डॉक्टरांना पाय दाखवा. आणि मे महिन्यातल्या दुपारच्या डांबरावर तर निरोगी माणसानेही पातळ तळाचा हट्ट धरू नये.

(प्रश्न: नातवाला कुठले बूट घ्यावेत?)

छान विचारलंत काकू. यावर आपल्याच देशातला अभ्यास आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि 1992 मध्ये निष्कर्ष छापले. बूट-चप्पल वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी मुलांत 2.8 टक्के. पुढून बंद बुटांत प्रमाण सर्वांत जास्त, सँडल-चप्पलवाल्यांत त्याहून कमी. शाळेचे काळे बूट काही आपल्याला टाळता येत नाहीत. पण घरी आला की ते लगेच काढायला लावा आणि अंगणात अनवाणी खेळू द्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात आणि चिखलात मात्र नको, तिथे चपला हव्यातच. बूट घ्यायला संध्याकाळी न्या, पाय तेव्हा थोडा फुगलेला असतो. त्याला उभं करून बोटं हलवायला सांगा आणि वरून हात ठेवून बघा. करंगळी हलताना हाताला लागली पाहिजे. आणि ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. त्यात पाय पुढे घसरतो, आणि पुढे तर तीच निमुळती जागा आहे.