मेंदूला ऐकायला वेळ लागतो

माझी ओळख करून देताना मघाशी ‘मेंदूतज्ज्ञ’ असा शब्द आला. तो आधी खोडून काढतो. मी ना मेंदूचा डॉक्टर, ना कानाचा. मी सिग्नलवाला. कानात गेलेला आवाज ही आकड्यांची एक रांग, डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून, म्हणजे मेंदूची वीज टिपणाऱ्या चकत्यांमधून, आलेली रेघ ही दुसरी. या दोन रांगांचा एकमेकींशी काही संबंध आहे का, हे शोधण्यात माझे दिवस जातात. आणि खरं सांगू का, त्यातले निम्मे दिवस जो संबंध सापडला तो खोटा तर नाही ना, हे बघण्यात जातात. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

माणसाच्या डोक्यावरून ही विजेची रेघ पहिल्यांदा टिपली हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये, जर्मनीतल्या येना इथे. जाहीर केली १९२९ मध्ये. मधली पाच वर्षं हा गृहस्थ आपल्याच रेघेकडे संशयाने बघत होता. लोक त्यांना भित्रे म्हणतात. मला ती पाच वर्षं फार जवळची वाटतात. कारण रेघ असते दहा-वीस, फार तर शंभर मायक्रोव्होल्टची. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. तुम्ही पापणी मिटली की त्याच्या कितीतरी पट मोठा डोंगर उठतो. दात आवळले की सगळंच बुडतं. भिंतीतल्या वायरिंगची गुणगुण तर चोवीस तास चालूच. या गोंधळात आम्ही ‘मेंदू’ शोधतो.

त्यातही ऐकण्याचा सिग्नल आणखी बारीक. कानात ‘टक्’ असा छोटा आवाज केला की ऐकण्याच्या नसेतून आणि मेंदूच्या देठातून (ब्रेनस्टेम) पहिल्या दहा मिलिसेकंदांत काही लहान लाटा उठतात. १९७१ मध्ये जुएट आणि विलिस्टन यांनी त्यांचं नीट वर्णन केलं. उंची एका मायक्रोव्होल्टच्याही आत. एका ‘टक्’नंतर बघाल तर काहीही दिसणार नाही. मग दोन हजार वेळा ‘टक्’ करायचं आणि सगळ्या रेघा एकमेकींवर ठेवून सरासरी काढायची. लाट दर वेळी त्याच जागी येते, म्हणून टिकते. गोंगाट कधी वर, कधी खाली, म्हणून विरतो. पण विरतो वर्गमुळाच्या हिशेबाने. दोन हजार वेळा करून गोंगाट साधारण पंचेचाळीस पट कमी होतो, आणि तो आणखी निम्मा करायचा तर आठ हजार वेळा करावं लागतं. निसर्ग इथे सूट देत नाही. तरीही ही युक्ती फार मोठी आहे. झोपलेल्या तान्ह्या बाळाला ‘ऐकू आलं का रे?’ असं विचारता येत नाही, पण त्याची लाट बघता येते.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही ‘टक्’ऐवजी बोलणं ऐकवायला लागलो. बोलण्याचा आवाज वर-खाली होतो, सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरांच्या लयीत, आणि मेंदूची रेघ त्या चढउताराच्या मागून चालते. रेघेवरून तो चढउतार परत उभा करायचा, असा आमचा प्रोग्रॅम. पहिल्याच आठवड्यात निकाल इतका सुंदर आला की मी घरी फोन केला. मग आवाजानंतर किती वेळाने रेघ उत्तर देते ते दाखवणाऱ्या आलेखावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने बोट ठेवलं. “सर, हा उंचवटा शून्यावर का आहे?”

शून्यावर. म्हणजे आवाज आणि मेंदूचं उत्तर एकाच क्षणी! आवाज कानात शिरणार, पडदा हलणार, कॉक्लिआतल्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखातल्या, केसपेशी नसेला सांगणार, नस देठाला, देठ वर. मेंदूच्या वरच्या थरात मोठा प्रतिसाद उमटायला साधारण शंभर मिलिसेकंद लागतात. शून्य म्हणजे ऐकलंच नव्हतं कोणी. हेडफोनच्या कॉइलमधली वीज हवेतूनच शेजारच्या इलेक्ट्रोडच्या वायरीत शिरत होती. खात्री करायला आम्ही एका कलिंगडाला इलेक्ट्रोडची टोपी चढवली, जेल लावलं, वर हेडफोन बसवले आणि गोष्ट लावली. कलिंगडाचा निकाल माणसांपेक्षा चांगला आला.

तेव्हापासून आमच्याकडे नळीचे इअरफोन. आवाज तयार करणारी डबी डोक्यापासून लांब, आणि तिथून कानापर्यंत साधारण तीस सेंटिमीटरची बारीक नळी. वीज तत्काळ पोचते, पण आवाजाला ती नळी पार करायला जवळजवळ ०.९ मिलिसेकंद लागतो. एवढ्या फटीत चोर वेगळा दिसतो. एका साध्या नळीने माझं जेवढं भलं केलंय तेवढं कुठल्याच सूत्राने केलेलं नाही.

हे सगळं कशासाठी? ज्यांच्या घरी कोणी कानाचं मशीन वापरतं त्यांना माहीत आहे: दोघंच बोलत असले तर ठीक, चार माणसं जमली की ते मशीन काढून खिशात जातं. मशीन आवाज मोठा करतं. तुम्हाला कोणाचा ऐकायचाय, हे त्याला कळत नाही. ते फक्त तुमच्या मेंदूला माहीत असतं. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणं लावली. ज्याकडे लक्ष नव्हतं त्या कानात मध्येच भाषा बदलली तरी लोकांच्या ध्यानात येईना. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला तर मात्र कळायचं. २०१२ मध्ये मेसगरानी आणि चँग यांनी शस्त्रक्रियेसाठी मेंदूच्या पृष्ठभागावरच इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांमध्ये दाखवलं की तिथल्या सिग्नलमध्ये लक्ष दिलेल्या माणसाचाच आवाज ठळक उमटतो. पुढे ते डोक्यावरच्या टोपीतूनही जमायला लागलं. रेघेचा साठ सेकंदांचा तुकडा दिला तर लक्ष कोणाकडे होतं, हे दहातल्या जवळपास नऊ वेळा बरोबर.

पण साठ सेकंद! तेवढ्यात बोलणारा उठून गेलेला असतो. तुकडा लहान केला की अचूकपणा घसरतो. तो घसरला नाही, दोन सेकंदांतही जवळजवळ शंभर टक्के आला, तर मी टाळ्या वाजवत नाही. आधी विचारतो: ऐकणाऱ्याचे डोळे कुठे होते? उजवीकडच्या आवाजाकडे लक्ष दिलं की नजरही किंचित उजवीकडे सरकते, आणि प्रोग्रॅम मेंदूऐवजी डोळे वाचायला शिकतो. मग दुसरं: शिकवायचा आणि तपासायचा तुकडा एकाच रेकॉर्डिंगमधून तर घेतला नाही ना? पेपर फोडून परीक्षा घेतल्यासारखं ते.

एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. एका बाईंना आम्ही डाव्या कानातली गोष्ट ऐकायला सांगितली होती. प्रोग्रॅम पाचव्या मिनिटापासून हटून बसला: उजवी, उजवी, उजवी. मी वायरी तपासल्या, डोळ्यांचे सिग्नल वेगळे काढून बघितले, शून्यावर उंचवटा आहे का ते बघितलं. नव्हता. होता तो शंभरच्या आसपास, जिथे असायला हवा तिथेच. शेवटी प्रश्नपत्रिका दिली. डाव्या गोष्टीतलं त्यांना फारसं आठवेना. जरा ओशाळून म्हणाल्या, “रागावू नका हं. डावीकडची फार कंटाळवाणी होती, म्हणून मी दुसरीच ऐकत बसले.”